केनिया सफारीची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडोबाला चार-पाच वेळा जाऊन आलेली मंडळीही केनियाचं तिकीट काढलं की एकदम नवखी होतात. फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी चार वेळा जाऊन आलो, त्यातली पहिली वारी चुका करण्यातच गेली. खालच्या बऱ्याच उत्तरांमागे त्या चुका आहेत. माझं मत आधीच सांगतो: उद्यानं कमी घ्या, दिवस जास्त घ्या आणि सामान निम्मं करा.

मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा गेलो तर?

जाता येतं, पण मे टाळलेला बरा. मार्चअखेर ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा. मसाई मारा (थोडक्यात मारा) हे केनियातलं राखीव क्षेत्र, बहुतेकांची सफारी तिथेच असते. तिथली जमीन म्हणजे आपल्या विदर्भातली काळी कपाशीची माती समजा. तिकडे तिला नावही तेच आहे, ब्लॅक कॉटन सॉइल. ओली झाली की चाकाला लाडवासारखी चिकटते आणि लँड क्रूझरसुद्धा जागच्या जागी फिरत बसते. मुलांच्या सुट्टीतच जायचं असेल तर जूनचा पहिला आठवडा पाहा. पाऊस ओसरलेला असतो आणि गर्दी नसते. गवत मात्र उंच असतं, त्यामुळे सिंहाचे नुसते कान दिसतात.

दुसरा पर्याय दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरअखेरपर्यंत वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप बऱ्याचदा माऱ्यात असतात. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो, पण तो दुपारी तासभर येऊन जातो, त्याने फारसं बिघडत नाही. नाताळात प्राणी भरपूर दिसतात, पण तेव्हाचे दर ऐकून घरी बसावंसं वाटतं.

पैशांचं आणखी एक गणित आहे. मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असं २०२४ पासून झालं आहे. चौघांचं कुटुंब तीन दिवस राहणार असेल, तर ३० जून आणि १ जुलै यांतला फरक हिशोबाच्या वहीत चांगलाच दिसतो. तुमच्या पॅकेजमध्ये हे शुल्क धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्या.

वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते नक्की दिसेल ना?

कुणी 'नक्की' म्हणालं तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट आणि सोबत लाखो झेब्रे, असा तो लोंढा वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा यांच्यात गोल फिरत असतो. साधारण जुलै ते ऑक्टोबर तो मारा नदीच्या आसपास असतो. पण काठावर आलेला कळप उतरेलच असं नाही. आम्ही एकदा सकाळी साडेनऊपासून दुपारी दोनपर्यंत काठावर थांबलो. पुढचा वाइल्डबीस्ट पाण्यापर्यंत जायचा, वास घ्यायचा आणि मागे फिरायचा. तो फिरला की मागचे हजारभर फिरायचे. शेवटी सगळे चरत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दहा मिनिटांत सगळा खेळ आटोपला, आणि आमच्यातले दोघे तेव्हा लॉजवर झोपले होते.

आठ दिवसांत किती उद्यानं करावीत?

दोन. फार झालं तर तीन.

आपल्याकडे 'एवढं लांब जातोय तर सगळंच पाहून घेऊ' असा हिशोब असतो, आणि सफारीची सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. नैरोबी ते मारा साधारण पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास. नाकुरू या दुसऱ्या उद्यानाहून माऱ्याला यायचं म्हटलं तरी तेवढेच तास. अंबोसेली दुसऱ्या टोकाला, नैरोबीच्या दक्षिणेला. ही तिन्ही सहा रात्रींत कोंबलीत तर तीन पूर्ण दिवस गाडीतच जातात, आणि सफारीची खरी वेळ, पहाटेचे तीन तास, सामान भरण्यात संपते.

माझी शिफारस: माऱ्यात किमान तीन रात्री, चार मिळाल्या तर सोनं. जोडीला अंबोसेलीत दोन. अंबोसेली लहान आहे, चारशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही, पण हत्तींच्या रांगेमागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो उभा असतो. डोंगर सीमेपलीकडे टांझानियात आहे, पण बघायला केनियातूनच छान. नऊ वाजले की तो ढगांची चादर ओढून घेतो, म्हणून तिथे पहाटे उठण्याला पर्याय नाही.

मारा आणि सेरेंगेटी तर एकमेकांना लागून आहेत. जाता जाता टांझानियाही होईल?

नकाशावर होतं. वाइल्डबीस्टला पासपोर्ट लागत नाही, तुम्हाला लागतो. माऱ्यातून थेट सेरेंगेटीत जायचा रस्ता पर्यटकांसाठी बंद आहे. इसेबानियाच्या सीमाचौकीवरून वळसा घालून जावं लागतं, तिथे गाडी आणि ड्रायव्हर बदलतो आणि अख्खा दिवस जातो. टांझानियाचा व्हिसा वेगळा. 'पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा' नावाचा एक संयुक्त व्हिसा आहे, पण तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांपुरता. त्यात टांझानिया नाही. बारा-तेरा दिवस हाताशी असतील तरच दोन्ही देश करा.

व्हिसाचं काय?

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला, त्याला ई-टीए म्हणतात. लहान मुलांचाही वेगळा काढावा लागतो. पासपोर्ट पोहोचल्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा, शिवाय राहण्याचं बुकिंग आणि परतीचं तिकीट लागतं. शुल्क साधारण ३० डॉलर आणि वर थोडा आकार. अर्ज केनिया सरकारच्याच संकेतस्थळावर करा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या कितीतरी साइट खाजगी असतात, त्या याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. माझ्या मेव्हण्याने असेच भरले. परवाना मिळाला, पण 'मग सांगितलं का नाहीस' हे मला अजून ऐकावं लागतं.

यलो फिव्हरची लस घ्यावीच लागते का? आमच्या ओळखीचे लोक गेले, केनियात कुणी विचारलंच नाही.

बरोबर आहे. थेट भारतातून जाणाऱ्याला केनियात सहसा विचारत नाहीत. विचारतात ते मुंबईला, परत येताना. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूवाला तोच. त्यामुळे केनियासारख्या देशातून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे आणि ती कागदावरची नाही. पहिल्या वारीहून परतताना पहाटे चारला आमच्या पुढचे काका कार्ड सूटकेसमध्ये ठेवून आले होते. सूटकेस पट्ट्यावर, आणि पट्टा काउंटरच्या पलीकडे. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

नियम सोपे आहेत. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण त्यांचे वार आणि दिवसाला किती जणांना लस द्यायची ते ठरलेलं असतं, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्या. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते, दहा वर्षांची जुनी मुदत २०१६ मध्ये रद्द झाली. सोबत मूळ पासपोर्ट न्या, कारण त्याचा क्रमांक कार्डावर लिहितात.

ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस यांना ती सहसा देत नाहीत. साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मी सहलीचा माणूस आहे, वैद्यकीय सल्ला माझ्याकडून घेऊ नका.

मलेरियाच्या गोळ्या? आपल्याला तर डासांची सवय आहे.

डासांची सवय असते, मलेरियाची नाही. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा, आणि आपल्याकडची जुनी क्लोरोक्विन त्याला दाद देत नाही. मारा उंचावर आहे, तिथे डास कमी असतात, पण धोका शून्य नाही. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर घ्याव्या लागतात, काही चार आठवडे. घरी आल्यावर 'आता कशाला' म्हणून सोडू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डास पळवणारं मलम.

सामान किती न्यायचं?

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माऱ्याला जाणार असाल तर माणशी १५ किलो, हातातली बॅग धरून. तीही मऊ कापडी बॅग हवी. कडक कवचाची चाकवाली सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. विमान कसलं, आपल्या वडाप जीपला पंख लावले असं वाटतं. आमच्या गटातल्या एका ताईंची सूटकेस अशी नैरोबीतच राहिली आणि त्यांनी माऱ्यातले तीन दिवस नवऱ्याच्या शर्टात काढले. फोटो उत्तम आले, हा भाग वेगळा.

रस्त्याने जाणार असाल तर वजन कुणी करत नाही, पण एका गाडीत सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा म्हटलं की पायाशी काय येतं ते कळेलच.

कपडे कोणते? आफ्रिका म्हणजे उकाडा ना?

या एका गैरसमजापायी लोक सगळ्यात जास्त कुडकुडतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या बरंच वर. माराही दीड हजार मीटरच्या पुढे. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत वारा लागतो तेव्हा स्वेटर, जाकीट आणि कानटोपी तिन्ही लागतात. तुमच्या आईची कानटोपी न्या, हसू नका. दहा वाजता हेच सगळं उतरवून टी-शर्टवर यायचं, म्हणून थरावर थर. ऊन विषुववृत्तावरचं आहे. गार वाऱ्यात ते जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोलतं. टोपीला हनुवटीखाली नाडी हवी, नाहीतर ती सिंहाला दान.

रंग मातकट, खाकी, मळकट हिरवा. प्राणी रंगाला घाबरतात म्हणून नव्हे, धूळ दिसत नाही म्हणून. गडद निळा आणि काळा मात्र टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते आणि जीन्समधूनही चावते. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नेऊ नका. केनियात सामान्य माणसाने ते घालणं अडचणीचं ठरतं.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही. उलट वजन वाढवून याल. १८९६ ते १९०१ मध्ये मोम्बासाहून आत रेल्वे टाकायला हजारो भारतीय मजूर नेले होते. त्यांच्या पाठोपाठ गुजराती व्यापारी गेले आणि आपल्या जेवणाची सोय करून बसले. चपाती तिकडे आता केनियन पदार्थ आहे. लॉजच्या बुफेत डाळ, भात, एखादी भाजी असतेच. गिथेरी मागून खा, मका आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. वर आपली शेंगदाण्याची चटणी घातलीत तर जेवण एकदम ओळखीचं लागतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

मग फराळाचे डबे न्यावेत की नाही?

न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको. केनियात प्लास्टिक पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि कायदा कडक आहे, दंडाची रक्कम वाचून घाम फुटेल. चप्पल गुंडाळलेली, ओला टॉवेल ठेवलेली, सासूबाईंनी चिवड्याला दुहेरी लावलेली, सगळ्या पिशव्या घरीच काढा. कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं चालतात. बाकी कापडी पिशव्या आणि डबे. संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्यांनाही २०२० पासून मनाई आहे, म्हणून प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी.

आणि गाडीचं छत उघडं ठेवून खाऊ नका. नाकुरूला पिकनिकच्या जागी एका छोट्या काळ्या तोंडाच्या माकडाने आमचं बाकरवडीचं पाकीट उचललं, झाडावर बसून दातांनी फाडलं, एक चाखली, थू केली आणि बाकीच्या एकेक करून आमच्यावर टाकल्या. ड्रायव्हर इतका हसला की गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला.

दिवसभर गाडीत? पाठीचं आणि बाथरूमचं काय?

पाठीचं: रस्ता खडबडीत आहे आणि ड्रायव्हर त्याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. कंबरदुखी असेल तर पट्टा बांधा, मधली किंवा पुढची सीट मागा, मागच्या चाकावरची घेऊ नका. गाडी ठरवताना 'प्रत्येकाला खिडकी' हे लिहून घ्या. व्हॅनपेक्षा लँड क्रूझर महाग पडते, पण पावसात आणि कमरेसाठी तीच बरी.

बाथरूमचं: बायका हा प्रश्न शेवटी, हळूच विचारतात, म्हणून मोठ्याने सांगतो. प्रवेशद्वारांवर आणि धावपट्टीजवळ स्वच्छतागृहं असतात, मध्ये नसतात. ड्रायव्हरला न लाजता सांगा. तो मोकळी जागा पाहून, आजूबाजूला कुणी जनावर नाही याची खात्री करून गाडी उभी करतो आणि तुम्ही गाडीच्या आडोशाला जायचं. त्याला तिकडे 'टायर तपासणं' म्हणतात. घेरदार स्कर्ट किंवा ओढणी सोबत असली की संकोच निम्मा होतो. टिश्यू तिथे टाकायचा नाही, कागदी पिशवीत परत आणायचा. आणि बाथरूमच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, दुपारी डोकं धरून बसाल.

मोठा कॅमेरा घ्यायलाच हवा का?

नको. दुर्बीण मात्र प्रत्येकी एक हवी, ८×४२ ची. एका दुर्बिणीवर चौघांचं कुटुंब म्हणजे बिबट्या दिसल्यावर भांडण. कॅमेरा असेलच तर ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. स्टँड गाडीत निरुपयोगी आहे. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून रिकामी न्या, तिथे किलोभर तांदूळ किंवा घेवडा भरा आणि छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवा. निघताना धान्य ड्रायव्हरला द्या. लेन्स धुळीत बदलू नका.

ड्रोन?

नाही. विमानतळावरच काढून घेतील.

पैसे कसे न्यायचे? टिप किती?

डॉलर न्या, पण नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या. फार जुन्या छपाईच्या नोटा तिकडे नाकारतात. थोडे केनियन शिलिंग विमानतळावर बदलून घ्या. स्थानिक लोक २००७ पासून एम-पेसावर सगळा व्यवहार मोबाइलने करतात, भाजीवालीसुद्धा, तेव्हा आपल्या यूपीआयचा फार तोरा मिरवू नका. ड्रायव्हर हाच तुमचा गाईड असतो. त्याला दिवसाला माणशी दहा डॉलरच्या आसपास टिप रीतीची समजतात. ती शेवटच्या दिवशी पाकिटात घालून, आभार मानून द्या. आणि त्याला रेषेबाहेर गाडी घालायचा आग्रह करू नका. राखीव क्षेत्रात रस्ता सोडला तर दंड होतो आणि नोकरी त्याची जाते.

फोन, चार्जिंग, घड्याळ?

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. एक अ‍ॅडॉप्टर आणि त्यावर आपला साधा एक्स्टेंशन बोर्ड, बस. काही तंबूंमध्ये वीज ठरावीक तासच असते. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

घड्याळाची एक गंमत, जी कधीकधी महागात पडते: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'एक'. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली तर इंग्रजीत परत विचारा.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी सगळीकडे चालतं. पण स्वाहिली कान देऊन ऐका, ओळखीचे शब्द भेटत राहतात. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, चाय म्हणजे चहा. सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपल्या 'सफर'चं भावंड. सिंबा सगळ्यांना माहीत असतो. 'चुई' आणि 'डुमा' एवढे दोन आणखी पाठ करा, बिबट्या आणि चित्ता. ड्रायव्हरच्या रेडिओवर ते ऐकू आले की हातातला चहा संपवून टाका, गाडी आता उधळणार आहे.

तंबूत राहणं सुरक्षित आहे का?

आहे, नियम पाळले तर. बऱ्याच छावण्यांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, विजेरी दाखवून अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला बोलवायचं. रात्री दोनला तंबूच्या कापडापलीकडे गोठ्यात गाय वैरण खाते तसा करकर आवाज आला, तर तो पाणघोडा आहे. तो गवत खायला आलाय. झिप उघडून बघायचं नाही, बॅटरी मारायची नाही, पडून राहायचं. खाऊ तंबूत ठेवू नका.

आजी-आजोबा आणि लहान मुलं?

आजी-आजोबा हमखास रमतात, बसूनच बघायचं असतं. त्यांच्यासाठी विल्सनहून विमान घ्या. पाचच्या आतल्या मुलांना नेऊ नये असं माझं मत. चार तास गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. पायी सफारी आणि बलून यांना वयाची किंवा उंचीची अट असते, आधी विचारा.

विमा?

घ्याच. पॉलिसीत वैद्यकीय कारणासाठी विमानाने हलवण्याचा खर्च आहे का, ही एक ओळ शोधा. माऱ्यातून गंभीर रुग्णाला नैरोबीला विमानानेच न्यावं लागतं. पूर्वीचे आजार लपवू नका. रोजची औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

आठवण म्हणून पीस, हाड, शिंग आणता येईल?

जमिनीवर पडलेलं पीससुद्धा उचलायचं नाही. मसाई बायकांनी केलेले मण्यांचे दागिने घ्या, तेही घासाघीस करून. पहिल्या किमतीला हो म्हणालात तर त्यांनाच वाईट वाटतं. आणि त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

परत आल्यावर काही काळजी?

ताप आला तर, मग तो दोन आठवड्यांनी येवो की दोन महिन्यांनी, 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसिन घेऊन बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि दारातूनच सांगा की आफ्रिकेत जाऊन आलोय. ते आपल्याकडच्या सवयीने डेंग्यूची तपासणी लिहून देतील. सोबत मलेरियाचीही करून घ्या.